कोर्वा ते कोरित्सी : मुलीसाठीच्या एका ग्रीक शब्दाची वाटचाल



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचा शब्दांवर जीव होता. शब्दाची व्युत्पत्ती सांगितली म्हणजे शब्द समजला, असे त्यांनी कधी मानले नाही. धातू सापडला की अभ्यासाची सुरुवात होते, ही त्यांची शिकवण होती. तिला धरून आज मी एकाच शब्दाविषयी बोलणार आहे. प्राचीन ग्रीक भाषेत मुलीला ‘कोरे’ म्हणत. आपल्या ‘कोरा’ या विशेषणाशी त्याचा संबंध नाही. या शब्दाच्या लेखी खुणा जवळजवळ तेहतीसशे वर्षांच्या आहेत आणि आजही अथेन्सच्या रस्त्यावर त्याचे वंशज कानावर पडतात.

मला मांडायचे आहे ते आधीच सांगतो. मुलीसाठी असलेला शब्द स्वतंत्र राहत नाही. समाज त्याला पुन्हा पुन्हा ‘ही कोणाची?’ या प्रश्नाकडे ओढत नेतो. मग ‘ही कोण?’ हे सांगायला भाषेला नवा शब्द घडवावा लागतो. ‘कोरे’च्या इतिहासात ही ओढाताण फार स्पष्ट दिसते.

आरंभ करू या मातीच्या पाट्यांपासून. 1900 साली सर आर्थर एव्हान्स यांनी क्रीट बेटावर क्नोसॉस येथे उत्खनन सुरू केले आणि लेख कोरलेल्या मातीच्या पाट्या सापडू लागल्या. 1939 मध्ये कार्ल ब्लेगन यांना ग्रीसच्या मुख्य भूमीवर, पायलॉस येथे, त्याच लिपीच्या शेकडो पाट्या मिळाल्या. या लिपीला ‘लिनिअर बी’ म्हणतात. लिपी वाचता येत नव्हती, तेव्हाही काही पाट्यांवर स्त्रीचे चित्रचिन्ह ओळखू येत होते. त्याच्यापुढे आकडा, मग दोन लहान शब्द आणि त्यांच्यापुढेही आकडे. हे दोन शब्द ‘मुलगे’ आणि ‘मुली’ असावेत, असा तर्क ए. ई. काउली यांनी 1927 साली केला. दोहोंपैकी मुलगा कोणता आणि मुलगी कोणती, हे मात्र सांगता येत नव्हते. पुढे न्यूयॉर्कच्या अ‍ॅलिस कोबर यांनी या लिपीतील शब्दांची रूपे लिंगानुसार बदलतात, हे दाखवून दिले. 1950 मध्ये त्यांचे निधन झाले. उलगडा पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

1952 साली मायकेल व्हेंट्रिस या तरुण वास्तुशास्त्रज्ञाने ती लिपी उलगडली आणि 1 जुलै रोजी बीबीसी रेडिओवरून ही भाषा ग्रीक असल्याचे जाहीर केले. क्रीटमधील गावांची नावे ओळखून त्याने चिन्हांना ध्वनी दिले होते. ते ध्वनी घालून ते दोन लहान शब्द वाचले, तेव्हा ‘को-वो’ आणि ‘को-वा’ असे उच्चार हाती आले. या लिपीत अक्षराच्या शेवटी येणारा ‘र’ लिहीत नाहीत. तो भरून काढला की ‘कोर्वोस’ आणि ‘कोर्वा’ ही रूपे मिळतात. ‘कोरे’ या शब्दाचे पूर्वरूप ‘कोर्वा’ असले पाहिजे, असा हिशेब तुलनात्मक भाषाशास्त्राने आधीच मांडून ठेवला होता. तर्काने बांधलेले रूप मातीत सापडले. लिपीतली भाषा ग्रीकच आहे, या निष्कर्षाला बळ देणाऱ्या पहिल्या शब्दांत ‘मुलगी’ हा शब्द होता.

पण त्या पाट्यांवर आहे तरी काय? ती राजवाड्याची हिशेबाची नोंद आहे. दळणाऱ्या बायका, सूत कातणाऱ्या, कापड शिवणाऱ्या, न्हाणीघरात पाणी ओतणाऱ्या बायका, त्यांच्या इतक्या मुली, इतके मुलगे. काही पाट्यांवर त्यांच्यासाठी दिलेले गहू आणि अंजीर यांची मापे आहेत. मुलांचा शिधा साधारणपणे बाईच्या निम्मा. बायकांचे काही गट कामावरून ओळखले जातात, तर काही ठिकाणांवरून : मिलेटसच्या, क्निडोसच्या, लेम्नोसच्या. एजियन समुद्रापलीकडून आणलेल्या या बायका बहुधा दासी असाव्यात. त्यांच्यापैकी एकीचेही नाव लिहिलेले नाही. इसवी सनापूर्वी 1200 च्या सुमारास पायलॉसचा राजवाडा जळाला. त्या आगीत कच्च्या पाट्या भाजून निघाल्या, म्हणून त्या टिकल्या. ‘कोर्वा’ हा शब्द आपल्याला पहिल्यांदा भेटतो तो असा : शिध्याच्या यादीतले एक पोट म्हणून.

आता शब्दाच्या अंगाकडे वळू. ‘कोर्वा’मधला ‘व’ ग्रीक भाषेतून हळूहळू नाहीसा झाला. आर्केडियासारख्या डोंगराळ प्रदेशातल्या जुन्या कोरीव लेखात तो अजून दिसतो. तिथे देवीचे नाव ‘कोर्वा’ असेच आहे. इतरत्र तो गेला, पण जाताना प्रत्येक बोलीत वेगळी खूण ठेवून गेला. आयोनियन बोलीत आणि होमरच्या काव्यभाषेत आधीचा स्वर लांबला आणि ‘कूरे’ झाले. डोरियन बोलीत अंत्य ‘आ’ टिकला आणि ‘कोरा’ झाले. अथेन्सच्या अ‍ॅटिक बोलीत ‘कोरे’ झाले आणि इथे एक सुंदर कोडे उभे राहते.

अ‍ॅटिक बोलीत जुना दीर्घ ‘आ’ सामान्यतः ‘ए’ होतो, पण ‘र’च्या लगेच पुढे आला तर ‘आ’च राहतो. प्रदेश या अर्थाचा ‘खोरा’ हा शब्द अथेन्समध्ये ‘खोरा’च राहिला. मग ‘कोरा’चे ‘कोरे’ का झाले? उत्तर त्या हरवलेल्या ‘व’मध्ये आहे. हा नियम चालू होता तेव्हा ‘र’ आणि ‘आ’ यांच्यामध्ये ‘व’ उभा होता. त्यामुळे ‘आ’ला ‘र’चे संरक्षण मिळाले नाही आणि त्याचा ‘ए’ झाला. नंतर ‘व’ गळून पडला. अथेन्सचा कोणी नागरिक ‘कोरे’ म्हणत असे, तेव्हा कित्येक पिढ्यांपूर्वी लोपलेल्या ध्वनीची साक्ष त्याच्या तोंडून निघत असे आणि त्याला त्याची गंधवार्ताही नसे.

धातूबद्दल बहुसंख्य अभ्यासकांचे मत असे, की हा शब्द ‘वाढणे, पोसणे’ या अर्थाच्या मूळ भारत-युरोपीय धातूपासून आला. ‘वाढणे’ या अर्थाचे लॅटिन क्रियापद ‘क्रेस्केरे’ आणि रोमनांची धान्यदेवता ‘केरेस’ त्याच धातूच्या मानतात. या मताप्रमाणे ‘कोर्वा’चा मूळ अर्थ ‘वाढणारी’. ग्रीकांच्या धान्यदेवतेचे, दिमीतरचे, लॅटिन प्रतिरूप म्हणजे केरेस आणि दिमीतरची मुलगी म्हणजे कोरे. आईचे लॅटिन नाव आणि मुलीचे ग्रीक नाव एकाच बीजातून उगवले, असा त्याचा अर्थ होतो.

इथे एक सावधगिरी सांगायला हवी. मुलगा या अर्थाचा होमरचा ‘कूरोस’ शब्द ऐकला की आपल्याला ‘कुंवर’ आठवतो आणि ‘कूरे’ ऐकून ‘कुंवारी’. मोह मोठा आहे. पण ‘कुंवर’ हा संस्कृत ‘कुमार’पासून ‘म’चा ‘व’ होऊन आला, तर ‘कूरोस’ हा ‘कोर्वोस’पासून ‘व’ जाऊन आला. दोघांचे आजचे चेहरे सारखे असले, तरी पूर्वज वेगळे आहेत. आपला ‘कन्या’ हा शब्दही ‘कोरे’चा नातलग नाही. ‘नवा’ या अर्थाचा ग्रीक शब्द ‘काइनोस’ त्याचा नातलग मानला जातो. मुलगी म्हणजे एका भाषेला वाढणारी वाटली, दुसरीला नवी.

पण धातूचा अर्थ शब्दाला बांधून ठेवत नाही. होमरच्या ‘इलियड’च्या पहिल्या सर्गातले सारे भांडण दोन ‘कूरें’वरून आहे. आगामेम्नॉनला क्रिसेइस परत द्यावी लागते आणि तो अकिलीसची ब्रिसेइस हिरावून घेतो. ही दोन्ही मुळात विशेषनामे नव्हेत. क्रिसेइस म्हणजे क्रिसेसची मुलगी, ब्रिसेइस म्हणजे ब्रिसेउसची मुलगी. संपूर्ण महाकाव्यात त्यांची स्वतःची नावे येत नाहीत. नंतरच्या टीकाकारांना ही उणीव जाणवली आणि त्यांनी एकीला अस्तिनोमी, दुसरीला हिप्पोदामेइया अशी नावे दिली. ‘वाढणारी’चा अर्थ ‘अमक्याची’ असा होऊ लागला, तो इथे. अथेनादेखील होमरच्या काव्यात झेउसची ‘कूरे’ आहे.

हाच शब्द देवीचे नावही झाला. एलेउसिस येथे दिमीतर आणि तिची मुलगी यांच्या गूढोपासना चालत. मुलीचे नाव पेर्सेफोनी. ती पाताळाच्या राजाची राणी, मृतांची स्वामिनी. तिच्या नावाला भय चिकटलेले होते, म्हणून उपासनेत तिला नुसते ‘कोरे’, म्हणजे ‘मुलगी’, म्हणत. हादीसने तिला पळवून नेले, आईने शोक केला, धरणी नापीक झाली आणि शेवटी वर्षाचा काही भाग मुलीने वर यायचे ठरले, ही कथा आपल्याला परिचित आहे. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. लग्नानंतर ग्रीक मुलगी ‘कोरे’ राहत नसे. हादीसची राणी झाल्यावरही जिला जग ‘कोरे’ म्हणत राहिले, ती ही एकच. कारण तिची आई तिला सोडायला तयार नव्हती. इथे ‘कोणाची?’ या प्रश्नाचे उत्तर बापाच्या किंवा नवऱ्याच्या नावाने दिलेले नाही, आईच्या नावाने दिले आहे.

यानंतर दगड बोलू लागतात. अ‍ॅटिकामध्ये मेरेंदा गावच्या एका चर्चमध्ये एक जुना कोरीव लेख असलेली बैठक बसवलेली होती. लेख अभ्यासकांना माहीत होता, मूर्ती हरवलेली होती. 1972 साली जवळच्याच खड्ड्यात संगमरवराची एक उभी मुलगी सापडली आणि शिशाच्या जोडावरून ती त्याच बैठकीवरची असल्याचे सिद्ध झाले. तिच्या लाल वस्त्रावर नक्षी आहे, डोक्यावर मुकुट आहे, हातात कमळाची कळी आहे. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या मध्यातली ही फ्रासिक्लेया. शिल्पकार पारोस बेटाचा अरिस्तिओन. लेखाचा आशय असा, की विवाहाऐवजी देवांनी हे नाव माझ्या वाट्याला दिले, म्हणून मी कायम ‘कूरे’च म्हटली जाईन. लग्नापूर्वी मृत्यू आल्यामुळे शब्द तिच्याजवळ कायमचा राहिला. मात्र पायलॉसच्या मुलींना जे मिळाले नाही, ते हिला मिळाले. तिचे स्वतःचे नाव दगडावर आहे. आज ती अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात उभी आहे.

त्या काळच्या अशा सर्व वस्त्रधारी उभ्या स्त्रीमूर्तींना पुरातत्त्वज्ञ ‘कोरे’ म्हणतात. 1886 च्या आरंभी अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिसवर एरेख्थेइओन मंदिराजवळ अशा चौदा मूर्ती एकत्र पुरलेल्या सापडल्या. एरेख्थेइओनचा सज्जा डोक्यावर तोलणाऱ्या सहा स्त्रियांना आपण आज ‘कॅरिअ‍ॅटिड’ म्हणतो. हे नाव रोमन वास्तुशास्त्रज्ञ विट्रुव्हियसच्या ग्रंथातून रूढ झाले. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाच्या अखेरीस त्या मंदिराच्या बांधकामाचे जे अहवाल दगडावर कोरले गेले, त्यांत त्यांना साधेपणाने ‘कोराय’, म्हणजे ‘मुली’, म्हटले आहे. त्यांच्यापैकी एक लॉर्ड एल्गिनने नेली. ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, बाकीच्या पाच अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिस संग्रहालयात.

मूर्तीवरून बाहुली हा अर्थ फार दूर नाही. प्लेटोच्या ‘फैद्रस’ संवादात सॉक्रेटिस झऱ्याकाठी जलदेवतांना वाहिलेल्या लहान मूर्ती पाहतो. त्यांना तिथे ‘कोराय’ म्हटले आहे. आणि बाहुलीवरून आपण डोळ्यापाशी येतो. ‘कोरे’ म्हणजे डोळ्यातली बाहुली. समोरच्याच्या डोळ्यात पाहिले की आपले चिमुकले प्रतिबिंब दिसते. प्लेटोच्या नावावर असलेल्या ‘अल्किबियादीस’ संवादात हेच कारण दिले आहे आणि त्यावरून पुढे आत्म्याने स्वतःला कसे ओळखावे, याचा विचार मांडला आहे. त्याच्याही आधी तत्त्वज्ञ एम्पिदोक्लीसने डोळ्याला कंदिलाची उपमा देऊन, तलम पडद्यांत जपलेली ‘कूरे’ वर्णिली होती.

मराठी श्रोत्यांना हे परके वाटणार नाही. आपणही ‘डोळ्यातली बाहुली’ म्हणतो. संस्कृतात ‘कनीनिका’ आहे. तिचे मूळही मुलगी या अर्थाच्या शब्दात आहे आणि बृहदारण्यक उपनिषदात ‘कनीनका’ हे रूप डोळ्याच्या बाहुलीसाठी येते. लॅटिनमध्ये ‘पुपिल्ला’, म्हणजे लहानशी मुलगी किंवा बाहुली. हिब्रू आणि अरबी भाषांत तिथे माणूसही आहे. इतक्या वेगवेगळ्या भाषांत माणसांनी डोळ्यात माणूसच पाहिला. पुण्या-मुंबईचे नेत्रतज्ज्ञ दोन्ही बाहुल्या असमान असल्या, तर ‘अ‍ॅनिसोकोरिया’ असे निदान लिहितात. पायलॉसच्या यादीतली ‘कोर्वा’ अशा रीतीने आपल्या दवाखान्याच्या कागदावर पोचली आहे.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. अभिजात काळात ‘कोरे’चा ‘मुलगी’ हा अर्थ हळूहळू ‘अमक्याची मुलगी’ या अर्थात मिसळत गेला. अथेन्सच्या न्यायालयातील भाषणांत प्रतिष्ठित घरातील जिवंत स्त्रीचे नाव घेणे टाळत. ती कोणाची मुलगी, कोणाची बायको, एवढेच सांगत. लग्नापूर्वीचे वय दाखवायला ‘पार्थेनोस’ होता, मूल या अर्थी ‘पाइस’ होता. नुसती मुलगी, घरात वावरणारी, खेळणारी, तिच्यासाठी लोकांच्या बोलीने नवे रूप घडवले : ‘कोरासिओन’, लहानशी कोरे.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला वैयाकरण फ्रिनिखोस या रूपावर नाराज आहे. शुद्ध लिहिणाऱ्याने ते वापरू नये, असा त्याचा निर्वाळा आहे. पण तोवर ते सामान्यांच्या ग्रीकमध्ये पक्के बसले होते. हिब्रू बायबलच्या ग्रीक भाषांतरात ते आहे. नव्या करारात मार्कच्या शुभवर्तमानात याइरसच्या बारा वर्षांच्या मुलीला येशू अरामी भाषेत हाक मारून उठवतो. तिथे मार्क त्या हाकेचा ग्रीक अर्थ देताना ‘कोरासिओन’ हाच शब्द योजतो. तोच प्रसंग सांगताना लूक मात्र ‘पाइस’ हा जुना शब्द घेतो. वैयाकरणाने नाकारलेला बोलीतला शब्द धर्मग्रंथात राहिला आणि कोट्यवधी लोकांनी तो वाचला.

मध्ययुगीन ग्रीकमध्ये ‘-इत्सी’ हा लघुत्वदर्शक प्रत्यय लागून ‘कोरित्सी’ तयार झाले. आजच्या ग्रीसमध्ये मुलीला ‘कोरित्सी’ म्हणतात, चिमुरडीला ‘कोरित्साकी’. जुना ‘कोरे’ उच्चार बदलून ‘कोरी’ झाला आणि त्याचा रोजच्या बोलण्यातला अर्थ ‘लेक’ असा ठरला. जुन्या लोकगीतांत आणि दिगेनीस अक्रितासच्या मध्ययुगीन वीरकाव्यात ती तरुणी आहे, प्रेयसी आहे. घरात मात्र ‘माझी कोरी’ म्हणजे माझी लेक. ‘कोरासिओन’चे धाकटे भावंड ‘कोरासिदा’ आज खेळांच्या मैदानावर आढळते. व्हॉलीबॉल, बास्केटबॉलमधला मुलींचा वयोगट त्या नावाने ओळखला जातो. शिध्याच्या यादीतून निघालेला शब्द मुलींच्या संघाच्या यादीत आला, याचा मला आनंद वाटतो.

‘कोरासिओन’ आणि ‘कोरित्सी’ ही दोन्ही रूपे नपुंसकलिंगी आहेत. लघुत्वाचा प्रत्यय लागला की ग्रीकमध्ये असे होते, जर्मनमध्येही मुलगी नपुंसकलिंगीच आहे. आपल्याला इतके दूर जायची गरज नाही. गोव्यात कोंकणीत मुलीला ‘चेडूं’ म्हणतात आणि तिच्याबद्दल बोलताना ‘तें आयलें’ म्हणतात. सिंधुदुर्गात मालवणीतही चेडू नपुंसकलिंगीच. काही जण यावरून मुलीला वस्तू मानल्याचा आरोप करतात. मला तो पटत नाही. कोकणातल्या घरात ‘तें’ म्हणताना जी माया असते, ती ऐकणाऱ्याला कळते. लहानाला लहान म्हणण्याची ही व्याकरणाची रीत आहे. अन्याय शोधायचा असेल, तर तो लिंगात शोधू नये. जिथे नाव लिहायला जागा होती आणि लिहिले गेले नाही, तिथे शोधावा.

नाव पुसण्याची ही खोड केवळ ग्रीकांची नव्हे. आपल्या यास्काचार्यांनी निरुक्तात ‘कन्या’ शब्दाच्या ज्या व्युत्पत्त्या दिल्या, त्यांपैकी एक ‘हिला कुठे न्यावी?’ या प्रश्नावरून आहे आणि ‘दुहिता’ची एक व्युत्पत्ती ‘जी दूर दिलेली बरी’ अशी आहे. भाषाशास्त्र या व्युत्पत्त्या स्वीकारत नाही. पण समाजाला त्या पटण्याजोग्या वाटल्या, हीच त्यांची साक्ष. मराठीतही ‘मुलगी’ हा एकच शब्द पोर आणि लेक या दोन्ही अर्थांनी चालतो. फ्रेंचमध्येही एकच शब्द दोन्हींसाठी होता. नुसती मुलगी म्हणायला त्यांना त्यापुढे ‘तरुण’ असे विशेषण जोडावे लागले. ‘कोरे’ला जे झाले, ते नियमासारखे आहे. नात्याने शब्द व्यापला की व्यक्तीसाठी नवा शब्द शोधावा लागतो. लोकांच्या बोलीने तो दर वेळी शोधून दिला, ही या इतिहासातली धीर देणारी बाजू आहे. शुद्धतेचे रखवालदार मागे राहिले आणि घरातल्या हाकेने शब्द जिंकला.

म्हणून माझे तुम्हाला, विशेषतः समोर बसलेल्या विद्यार्थ्यांना, एक मागणे आहे. वऱ्हाडातली पोट्टी, खानदेशातली आंडेर, मालवणातले चेडू, देशावरची पोरगी आणि लेक, हे शब्द अजून जिवंत आहेत. ते कोण कोणाला, कोणत्या वयापर्यंत, कशा सुरात म्हणते, लग्नानंतर ते बदलतात का, आई आणि सासू वेगळे शब्द वापरतात का, हे आपल्या आजीला, मावशीला, शेजारणीला विचारा आणि लिहून ठेवा. आणि लिहिताना सांगणाऱ्या बाईचे पूर्ण नाव तिच्या संमतीने नोंदीच्या पहिल्या ओळीत लिहा.